व्याजाचं कर्ज न काढता परदेशात एम.ए., पीएच.डी.? ‘असिस्टंटशिप’ आधी नीट समजून घ्या

पळस्पे (पनवेल) : मुंबई-गोवा महामार्ग जिथून सुटतो त्या पळस्पे फाट्याच्या आसपासच्या गावांतून, पनवेल शहरातून आणि तळोज्याकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. मुलगी चांगली शिकलीय, पुढे बाहेरच्या विद्यापीठात शिकायचं म्हणते. फीचा आकडा ऐकला की घरात सगळे गप्प होतात. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण कर्ज म्हटलं की व्याज आलं, आणि रिबाला हात लावायचा नाही हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. मग तालीम इथंच थांबवायची का?

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाबद्दल उलेमा काय सांगतात, हे प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. तो निकाल देणं आमचं काम नाही. आम्ही इथे एका वेगळ्या रस्त्याची माहिती देतोय. त्याबद्दल आपल्या घरांत फार कमी बोललं जातं आणि जे बोललं जातं त्यात अर्धं ऐकीव असतं. त्या रस्त्याचं नाव ग्रॅज्युएट असिस्टंटशिप.

स्कॉलरशिप वेगळी, असिस्टंटशिप वेगळी

स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती. गुण पाहून किंवा गरज पाहून पैसे मिळतात, बदल्यात काम करावं लागत नाही. असिस्टंटशिप ही नोकरी आहे. पदवीनंतरचं शिक्षण घेणारा विद्यार्थी आठवड्याला ठरलेले तास विद्यापीठाचं काम करतो. त्या बदल्यात विद्यापीठ त्याची ट्यूशन फी पूर्ण किंवा काही प्रमाणात माफ करतं आणि वर दरमहा पगार देतं. या पगाराला स्टायपेंड म्हणतात. बऱ्याच ठिकाणी आरोग्य विम्याचा काही खर्चही विद्यापीठ उचलतं.

काम साधारण तीन प्रकारचं असतं. टीचिंग असिस्टंट पदवीच्या वर्गांना शिकवायला मदत करतो, पेपर तपासतो. रिसर्च असिस्टंट प्राध्यापकाच्या संशोधनात काम करतो. तिसरा प्रकार साध्या ग्रॅज्युएट असिस्टंटचा. तो ग्रंथालयात, वसतिगृहात, विद्यार्थी कार्यालयात किंवा ‘रायटिंग सेंटर’मध्ये काम करतो.

इंजिनीअरिंगवाल्या मुलांना रिसर्च असिस्टंट हा शब्द तरी माहीत असतो. पण आपल्याकडे बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुली खूप आहेत. इंग्रजी, समाजशास्त्र, इतिहास, शिक्षणशास्त्र हे त्यांचे विषय. या विषयांत प्रयोगशाळा नसते, त्यामुळे ‘आमच्या विषयाला कोण पैसे देणार’ असं त्या आधीच मनाशी धरून बसतात. म्हणून या लेखात आम्ही रायटिंग सेंटरवर जास्त बोलणार आहोत.

रायटिंग सेंटरमध्ये नक्की काय चालतं?

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत एक खोली किंवा एखादा मजला असा असतो, जिथे कोणताही विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतो. निबंध, अहवाल, प्रबंधाचं प्रकरण, नोकरीचा अर्ज, काहीही. समोर एक सल्लागार बसतो. बऱ्याचदा तो स्वतः एम.ए. किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थीच असतो. अर्धा-पाऊण तास दोघं त्या लिखाणावर बोलतात.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना नवी वाटेल. सल्लागार लाल पेन घेऊन चुका दुरुस्त करत नाही. तो विचारतो, ‘तुला नक्की काय म्हणायचंय? हा मुद्दा इथे का आला? वाचणाऱ्याला हे कसं कळेल?’ लिहिणाऱ्याने उत्तर देता देता स्वतःच वाक्य बदलायचं. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये यावर एक लेख लिहिला, तो या क्षेत्रात आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समोरचा एक कागद सुधारण्यापेक्षा लिहिणारा माणूस सुधारला पाहिजे.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचं रायटिंग सेंटर १९६९ पासून चालू आहे आणि तिथे पदव्युत्तर विद्यार्थी टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवतात. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ मध्ये सुरू केली. याच लॅबने १९९४ मध्ये इंटरनेटवर लेखनाचं मार्गदर्शन टाकायला सुरुवात केली. ‘पर्ड्यू आउल’ नावाने ते आजही मोफत वाचता येतं. घरात मोबाइल असेल तर पळस्प्यात बसून आजपासून वाचायला सुरुवात करता येईल, एक रुपया लागत नाही.

आपल्या देशातही हे केंद्र आता अनोळखी राहिलेलं नाही. हरियाणात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात लेखन आणि संवादाचं स्वतंत्र केंद्र आहे. मात्र आपल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून अशी सोय रुजलेली नाही.

‘आमची मुलं इंग्रजांना इंग्रजी शिकवणार?’

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो, पण त्यात भीती असते. म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

रायटिंग सेंटरमध्ये येणारे सगळे इंग्रजी मातृभाषेचे नसतात. चीन, कोरिया, अरब देश, लॅटिन अमेरिका अशा सगळीकडची मुलं तिथे येतात. इंग्रजी त्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. त्यांची अडचण सगळ्यात लवकर कोणाला कळेल? ज्याने स्वतः दुसऱ्या भाषेतून इंग्रजीकडे प्रवास केला, त्याला. आपल्या घरातलं पोर घरी कोकणी वळणाची बोली बोलतं, मदरशात अरबी वाचतं, उर्दू समजतं, शाळेत मराठी लिहितं आणि कॉलेजात इंग्रजी. एका भाषेतला विचार दुसऱ्या भाषेत नेताना वाक्य कुठे अडखळतं, हे त्याने रोज अनुभवलेलं असतं.

पण नुसत्या अनुभवावर नोकरी मिळत नाही. इंग्रजीत सलग, मुद्देसूद, स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं पाहिजे. गाइडमधून पाठ केलेलं उत्तर तिथे चालत नाही, आणि दुसऱ्याचा मजकूर उचलला तर विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत वेळ येते. बोलणंही स्पष्ट हवं. अनेक विद्यापीठं परदेशी असिस्टंटकडून टोफेलसारख्या परीक्षेतल्या बोलण्याच्या भागात वेगळे, जास्त गुण मागतात. प्रवेशाला पुरणारे गुण शिकवण्याच्या कामाला पुरतीलच असं नाही. परीक्षेला बसण्याआधी हा फरक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघून ठेवा.

हिशेब मांडून पाहू

‘फुल फंडिंग मिळालं’ एवढं ऐकून पेढे वाटायची घाई नको. आधी हिशेब. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, ते कोणत्याही एका विद्यापीठाचे नाहीत.

समजा एका मुलीला आठवड्याला २० तासांची असिस्टंटशिप मिळाली. वर्षाची २०,००० डॉलर ट्यूशन माफ. स्टायपेंड महिन्याला १,८०० डॉलर, पण फक्त नऊ महिने, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत काम नाही. म्हणजे वर्षाचे १६,२०० डॉलर. आता ट्यूशन माफ झाली तरी ‘फी’ नावाची दुसरी रक्कम राहते. ग्रंथालय, तंत्रज्ञान, परदेशी विद्यार्थी सेवा वगैरे धरून समजा २,००० डॉलर. विम्यातला तिचा हिस्सा १,०००. उरले १३,२००. दोघी-तिघींनी मिळून घर घेतलं आणि तिच्या वाट्याला महिना ७०० डॉलर भाडं आलं, तर वर्षाचे ८,४०० गेले. उरले ४,८००. म्हणजे जेवण, बस, फोन, कपडे या सगळ्याला महिन्याला ४०० डॉलर. त्यातूनच थोडा आयकरही जाईल.

भागतं, पण घट्ट भागतं. घरी पैसे पाठवता येतील ही अपेक्षा ठेवू नये. शहर महाग असेल तर हाच हिशेब तुटीत जातो.

शिवाय पहिला पगार हातात येण्याआधीचा खर्च असतो. व्हिसाची फी १८५ डॉलर, विद्यार्थी नोंदणीची सेव्हिस फी ३५० डॉलर, विमानाचं तिकीट, घराची अनामत आणि पहिल्या एक-दोन महिन्यांचं जेवणखाण. ही रक्कम घरातून उभी करावीच लागते.

आता इथेच खरा फरक दिसतो. असिस्टंटशिप नसेल तर पूर्ण शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. एवढं कर्ज-ए-हसना कोण देणार? असिस्टंटशिप असेल तर अडतं ते सुरुवातीच्या काही लाखांवर. तेवढी रक्कम मामा, चाचा, गावची जमात, बैतुलमाल मिळून बिनव्याजी देऊ शकतात, आणि मुलगा-मुलगी काही वर्षांत ती फेडूही शकतात. पन्नास लाखांपुढे समाज हात टेकतो, पण तीन-चार लाखांसाठी मनावर घेतलं तर तो उभा राहू शकतो.

पत्र आलं की काय वाचायचं?

विद्यापीठ असिस्टंटशिपचं पत्र पाठवतं. ते इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. अब्बा, अम्मी, भाईजान, सगळ्यांनी मिळून वाचा आणि या गोष्टी शोधा:

• आठवड्याला किती तास? २० तासांचं काम ‘अर्धवेळ’ आणि १० तासांचं ‘पाव वेळ’ म्हटलं जातं. पाव वेळ कामावर काही ठिकाणी ट्यूशन अर्धीच माफ होते. काही ठिकाणी मात्र पूर्ण होते. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात नेमणूक २५ ते ६७ टक्क्यांची असेल तर ट्यूशन माफीचा नियम लागू होतो.

• स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा?

• ट्यूशन पूर्ण माफ की काही भाग? फी आणि विमा कोण भरणार?

• नेमणूक एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची? दरवर्षी नव्याने मिळवावी लागेल का? कोणत्या गुणांवर?

• उत्तर कधीपर्यंत द्यायचं? अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेला एक ठराव आहे. त्यानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलच्या आधी होकार द्या असा दबाव विद्यार्थ्यावर आणता येत नाही. दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र यायचं असेल तर ही मुदत कामाला येते.

व्हिसाचे नियमही पक्के लक्षात ठेवा. एफ-१ व्हिसावर शिक्षण चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. असिस्टंटशिपचे २० तास झाले की कोटा संपला. बाहेर हॉटेलात, दुकानात, ओळखीच्या माणसाकडे ‘कॅश’वर काम करणं बेकायदा आहे आणि त्यापायी व्हिसा जातो. सोबत गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे एका स्टायपेंडवर दोघांचं घर चालेल का ते आधी पाहा.

एक फायदाही सांगतो. असिस्टंटशिपचं पत्र हे पैशाचा पुरावा म्हणून चालतं. व्हिसाच्या वेळी ‘एवढी रक्कम खात्यात दाखवा’ ही चिंता त्या प्रमाणात कमी होते. खात्यात दाखवण्यापुरते पैसे फिरवणाऱ्या एजंटांच्या नादी लागायची गरज राहत नाही.

आणि एजंटांचंच बोलायचं तर ‘असिस्टंटशिपची गॅरंटी, एवढे लाख द्या’ असं कोणी म्हणालं, तर तिथून उठून या. ही नेमणूक विद्यापीठाचा विभाग किंवा केंद्र करतं. ती विकत मिळत नाही.

तयारी कधीपासून?

पदवीच्या पहिल्या वर्षापासून. शेवटच्या वर्षाचा निकाल हातात आल्यावर सुरुवात केली तर एक-दोन वर्षं सहज जातात. तिकडचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि अर्ज त्याच्या आधीच्या डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात. पीएच.डी.ला मदत मिळण्याची शक्यता एम.ए.पेक्षा जास्त. अनेक विषयांत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, मात्र काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी पुरेशी मानत नाहीत. हे आधी तपासा.

रायटिंग सेंटरचा अर्ज बऱ्याचदा प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो. त्यात स्वतःच्या लिखाणाचा नमुना, शिफारस आणि कामाचा अनुभव मागतात. मुलाखतीत कधी कधी एक खोटी बैठक घेतात. कोणीतरी विद्यार्थी बनून कच्चा निबंध घेऊन बसतो आणि तुम्ही त्याच्याशी कसं बोलता ते पाहतात. तिथे ज्ञान दाखवण्यापेक्षा ऐकण्याची सवय कामाला येते.

अनुभव कुठून आणायचा? पनवेलमध्येच. महात्मा फुले महाविद्यालय, चांगू काना ठाकूर महाविद्यालय, अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, कुठेही शिकत असाल तर कॉलेजच्या मासिकात लिहा, ज्युनिअरना अहवाल लिहायला मदत करा, मोहल्ल्यातल्या दहावी-बारावीच्या मुलांना शनिवार-रविवार शिकवा. कोणाला किती वेळ, काय शिकवलं, त्याची वही ठेवा. प्राध्यापकांना तुमचं काम दिसलं तरच ते शिफारसपत्रात काही ठोस लिहू शकतात.

परदेशी जायचं नसेल तर?

सगळ्यांनी अमेरिकेलाच जावं असं आम्ही म्हणत नाही. आणि गेल्या काही काळात तिकडे निधी आटलाय. २०२५ मध्ये अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आणि विद्यार्थी व्हिसाच्या तपासणीत सोशल मीडियाचीही पाहणी सुरू झाली. त्यामुळे एकाच दारावर उभं राहू नका.

आपल्या देशात ‘गेट’ परीक्षेतून एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात आणि बदल्यात आठवड्याला आठ तास विभागाचं काम करावं लागतं. ही आपल्याकडची असिस्टंटशिपच झाली. ‘नेट’मधून जे.आर.एफ. मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. या दोन्ही वाटा सगळ्या समाजांना खुल्या आहेत.

हे सांगणं जास्त गरजेचं झालंय, कारण आपल्यासाठीच्या दोन वाटा बंद झाल्यात. अल्पसंख्याक संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना, या दोन्ही केंद्र सरकारने २०२२-२३ पासून थांबवल्या. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती आणली, तिचा अर्ज जरूर करा, पण जागा मोजक्या आहेत. बंद झालेल्या योजनांसाठी आवाज उठवणं हक्काचं आहे. तोवर जी दारं उघडी आहेत त्यांची माहिती प्रत्येक घरात पोचली पाहिजे.

काम करून शिकणं कमीपणाचं नाही

‘शिकायला पाठवलंय की नोकरी करायला?’ असं काही पालक विचारतात. महाराष्ट्राला तरी हा प्रश्न पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, सातारच्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र ठेवली आणि कष्ट करून शिकण्याची सवय लावली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द त्यातूनच घराघरात गेले. पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय त्याच रयतचं. आपल्या दीनी इतिहासातही याचा मोठा दाखला आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या मुलांना शिकवावं आणि त्याबदल्यात सुटावं, असं सीरतच्या किताबांत येतं. शिकवणं हा तेव्हाही मोबदला होता.

मुलीला एवढ्या लांब कसं पाठवायचं, ही काळजी खरी आहे आणि ती आम्ही हलकी मानत नाही. एवढंच सांगू, की बहुतेक मोठ्या कॅम्पसवर मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन असते. तिची सुरुवात १९६३ मध्ये वर लिहिलेल्या अर्बाना-शॅम्पेनलाच झाली. जाण्याआधी त्यांच्याशी बोला, राहण्याची, जुम्याची, हलाल जेवणाची चौकशी करा. रायटिंग सेंटरच्या कामाच्या वेळा सत्राच्या सुरुवातीला ठरतात, जुम्याची वेळ तेव्हाच सांगून ठेवता येते.

इथेच एक टेबल मांडता येईल

शेवटी जमातीच्या जबाबदार मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. आपल्या भागात एम.ए., बी.एड., इंजिनीअरिंग करणारी मुलं-मुली आहेत. त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे दहावी-बारावीची मुलं आहेत, ज्यांना साधा अर्ज लिहिता येत नाही, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येत नाही. मदरशाच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या एका वर्गात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल, चार खुर्च्या. मुलींसाठी वेगळी वेळ. मोठी मुलं छोट्यांच्या लिखाणाशेजारी बसतील आणि जमात त्यांना महिन्याला थोडा मोबदला देईल. तो मोबदला सदक्यातून की इमदादच्या पैशातून, आणि जकात कुठे चालेल, हे आलिमांना विचारून ठरवा.

छोट्यांचं लिखाण सुधारेल. मोठ्यांच्या खिशात शिक्षणासाठी चार पैसे पडतील, आणि तीन वर्षांनी एखाद्या विद्यापीठाने ‘शिकवण्याचा अनुभव?’ असं विचारलं, तर फॉर्ममधला तो रकाना रिकामा राहणार नाही, इन्शाअल्लाह.